पळते, असं म्हणाले

आमच्या पतपेढीच्या काउंटरला काच आहे आणि काचेखाली पासबुक सरकेल एवढी फट. त्या काचेमागं मी वीस वर्षं बसते. काउंटरमागच्या माणसाचं वजन फक्त त्याच्या खुर्चीला ठाऊक असतं, आणि माझ्या खुर्च्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. एकेक करून निमूट मोडल्या, एवढंच. त्यामुळं गेल्या वर्षी जूनमध्ये एक ठेवीदार काका वाकून फटीतून आत बघायला लागले आणि म्हणाले, "आधीच्या मॅडमची बदली झाली वाटतं?", तेव्हा ते माझ्याबद्दलच बोलताहेत हे ध्यानात यायला वेळ लागला. आधीची ती मीच, असं सांगितल्यावर त्यांनी रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मग एवढं उतरलं कशानं?"

खरं उत्तर सोपं होतं. जानेवारीत पुण्याला जाऊन मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून आले होते. पण समोर पाच माणसांची रांग, मागं शाखाधिकारी, आणि घरात आमचं ठरलेलं की बाहेर बोलायचं नाही. मी म्हणाले, "सकाळी पळते."

हे शब्द कुठून आले देव जाणे. तोवरच्या सत्तेचाळीस वर्षांत मी पळाले होते ती एसटीमागं, आणि तीही मिळाली नव्हती.

दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. साताऱ्यात पळणं ही खासगी बाब नाही. २०१२ पासून इथं हिल मॅरेथॉन होते. नावाला अर्धी, म्हणजे एकवीस किलोमीटर. पण यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा असल्यामुळं तिला अर्धी म्हणायला जीभ धजत नाही. पावसाळा आला की निम्मं गाव त्या घाटात असतं, आणि उरलेलं निम्मं 'यंदा गुडघ्यामुळं जमलं नाही' असं सांगत असतं. शिवाय पोलीस भरतीची, सैन्य भरतीची पोरं पहाटे चारपासून रस्त्यावर. आमच्याच जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. अशा जिल्ह्यात काउंटरवर बसून 'पळते' म्हणणं म्हणजे पंढरपुरात उभं राहून 'मी वारी करते' म्हणण्यासारखं. पुढचा प्रश्न येणारच.

आलाच. दुसऱ्या नंबरच्या बाईंनी विचारलं, "घाटात का?" तिसऱ्यानं विचारलं, "यंदा हिल करताय?" चौथा भरतीची तयारी करणारा मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, पेस किती पडतो?" पेस म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. "पडतो बऱ्यापैकी," मी म्हणाले आणि त्याच्या पासबुकात चुकीच्या ओळीवर नोंद केली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "मग आता?"

"आता काय. पळावं लागणार."

ऑपरेशन लपवायचं का ठरवलं होतं, ते सांगते. आपल्याकडं वजन उतरलं यापेक्षा ते कशानं उतरलं याला भाव असतो. सोळा सोमवार करून उतरलं तर पुण्य, भात सोडून उतरलं तर निग्रह, पळून उतरलं तर कौतुक. आणि डॉक्टरनं उतरवलं तर, "हात्तिच्या, कापून काढलं होय!" मोतीबिंदू काढून आलेल्या माणसाला 'डोळ्यांचे व्यायाम करून बघायचे होते' असं कुणी म्हणत नाही. चार पिशव्या संत्री घेऊन भेटायला जातात. जाड माणसानं मात्र मनाच्या जोरावरच बारीक व्हायचं असतं. मन हा अवयव फक्त जाड माणसांनाच दिलेला आहे, असा एक समज आहे.

तर माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ११२ किलो. उंचीच्या हिशेबानं वजनाचा जो आकडा काढतात, बीएमआय, तो भारतीय माणसात ३७.५ च्या वर गेला, किंवा मधुमेहासारखा सोबती असेल तर ३२.५ च्या वर, की ऑपरेशनचा विचार करतात. माझा ४६ च्या वर होता आणि सोबती दोन होते, साखर आणि गुडघे. पुण्यातल्या डॉक्टरांनी कागदावर आधी पोट म्हणून एक पखाल काढली, मग त्या पखालीच्या कडेनं एक केळं. पखालीचा ऐंशी टक्के भाग जाणार आणि केळं उरणार, असं म्हणाले. जो भाग जातो, त्यात भुकेचा हुकूम सोडणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. म्हणजे गोदामाबरोबर गोदामाचा व्यवस्थापकही जातो. मला ते फार पटलं. पतपेढीत इतकी वर्षं काढल्यावर अशा गोष्टी पटकन पटतात.

दुर्बिणीतून झालं सगळं, पोटावर पाच भोकं. त्याच दिवशी संध्याकाळी नर्सनं उठवलं आणि म्हणाली, "चला मावशी, फेरी मारायची." पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालवतात. सलाईनच्या स्टँडचा हात धरून मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. माझ्या मैदानी कारकिर्दीचा पहिला टप्पा तो, वीस-एक पावलांचा, आणि बरोबर पेसर म्हणून एक सलाईन.

नंतर पहिल्यांदा नुसतं पातळ. वरणावरचं पाणी, ताकाची निवळ, तेही मापाच्या चिमुकल्या कपातून तीस-तीस मिलिलिटर. शिकवणी अशी की सावकाश घोट घ्यायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवल्यावरही अर्धा तास थांबायचं. हे ऐकून सासूबाई कॉटवर ताठ बसल्या. "पंचवीस वर्षं मी काय वेगळं सांगत होते? एवढे लाख घालवून हेच ऐकून आलात?" त्या दिवसापासून डॉक्टरांबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं.

आजूबाजूला सांगितलं होतं की मी मुलीकडं पुण्याला गेले होते. परतले त्या आठवड्यात शेजारून मुगाचं कढण आलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या एकींकडून भाताची पेज, वरून तूप न घातलेली. माणसं फार मायाळू आहेत आपल्याकडं, असं मी ह्यांना म्हणाले.

पळण्याचा अभ्यासक्रम मुलीनं फोनवर घालून दिला. काउच टू फाइव्ह के, म्हणजे सोफ्यावरून उठवून पाच किलोमीटरपर्यंत नेणारा. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन मुलानं आपल्या आईला पळायला लावायचं म्हणून तो बेतला. नऊ आठवडे, आठवड्याला तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालून घ्यायचं, मग साठ सेकंद पळायचं आणि नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. फोनमधली बाई वेळेवर "वॉक" आणि "रन" म्हणते. आमच्याकडं सोफा नाही, दिवाण आहे, आणि त्यावर कायम हे असतात. त्यामुळं मी सुरुवात ओट्यापासून केली. पहाटे चहाचं आधण बंद करायचं आणि निघायचं.

बूट घ्यायला गेले तेव्हा एक शोध लागला. माझं पाऊलही एका नंबरानं कमी झालं होतं. सातची मी सहाची झाले होते. वजन उतरतं ते पोटावरून असं आपण समजतो. ते पायाच्या तळव्यावरून, बोटांवरून, कानांच्या पाळ्यांवरूनही उतरतं. मंगळसूत्र लांब झालं. पाटल्या कोपरापर्यंत जायला लागल्या. चौथ्या महिन्यात केसही उतरले, पण ते यादीत नव्हते. ऑपरेशननंतर काही महिने गळतात आणि मग परत येतात म्हणे. आले खरे, पण कुरळे.

पहिल्या दिवशी कुठं पळायचं हा प्रश्न होता, म्हणजे कुणाला न दिसता कुठं. समर्थ मंदिराच्या पुढं बोगदा आहे. त्यातून पलीकडं सज्जनगडाकडं, ठोसेघरकडं रस्ता जातो. पहाटे साडेपाचला जूनच्या पावसात बोगद्यात पाऊसही नव्हता आणि माणूसही नव्हतं. मी जुना, आता दोघींना पुरेल असा सलवार-कमीज घातला होता, वर रेनकोट, डोक्याला रुमाल. फोनमधली बाई "रन" म्हणाली आणि मी रन केलं.

साठ सेकंद किती लांब असतात हे मला त्या दिवशी समजलं. पहिली दहा सेकंद बरी गेली. पंधराव्याला कुणीतरी मागून धापा टाकत येतंय असं वाटलं. बोगद्यात माझाच श्वास घुमत होता. विसाव्या सेकंदाला रेनकोटची टोपी तोंडावर आली. तिसाव्याला लक्षात आलं की आपण पळतोय असं जे आपल्याला वाटतंय, ते खरं म्हणजे आपण जागच्या जागी वरखाली होतोय. पंचेचाळिसाव्याला मी फोनमधल्या बाईला मनातल्या मनात एक शब्द वापरला, जो मी काउंटरवर कधी वापरत नाही. आणि साठाव्याला बोगद्याच्या पलीकडच्या तोंडातून मी पावसात बाहेर पडले, तर समोर मोटरसायकलला किटल्या लावलेला गवळी. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"काय झालं ताई? कोण मागं लागलंय?"

मला बोलता येईना. मी नुसता हात हलवला. त्यानं बोगद्याकडं बघितलं, गाडी आडवी लावली आणि म्हणाला, "बसा मागं. घाबरू नका. पोचवतो घरी." भला माणूस. मी बसले. पहिल्या दिवसाचं पळणं असं दोन किटल्यांच्या मधे बसून घरी आलं.

त्यानंतर मी बोगदा ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर जायला लागले. तिथं भरतीच्या दोन मुली भेटायच्या. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, मुलांना सोळाशे. त्या आठशे मीटरसाठी त्या सहा महिने घड्याळाशी भांडत होत्या. रोज माझ्यासमोरून तीनदा जायच्या आणि तीनदा यायच्या, आणि चौथ्या खेपेला एकदा त्यातली एक थांबली. "काकी, टाच आपटू नका. पाऊल लहान टाका. खांदे सोडा. आणि बोलता येईल एवढंच पळा. बोलता येईना की हळू व्हायचं." याहून हळू म्हणजे काय, असं मला विचारायचं होतं, पण बोलता येत नव्हतं. तिला ते उत्तर समजलं असावं. मला आजवर मिळालेलं सगळ्यात चांगलं प्रशिक्षण ते, आणि फुकट.

ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पळण्यात दोन-तीन अडचणी जादाच्या असतात. बाकीचे पळून आल्यावर मान वर करून अर्धी बाटली घटाघटा पितात. मला घटाघटा हा शब्दच बंद. केळ्याएवढ्या पोटात एकदम पाणी गेलं की छातीत वीट बसल्यासारखं होतं. त्यामुळं मी दिवसभर घोट-घोट पाणी साठवत असते, पगारदार माणूस महिनाअखेरीसाठी नोटा साठवतो तशी. एक घोट पासबुकाला, एक घोट डिमांड ड्राफ्टला. दुसरं, गुडघा दुखला की लोक पटकन दुकानातली दुखण्याची गोळी घेतात. आम्हांला आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्या वर्ज्य. उरलेल्या पोटात व्रण पडायची भीती. मग बर्फाची पिशवी आणि सासूबाईंचं निर्गुडीचं तेल. पळून आल्यावर पोहे नाहीत, आधी उकडलेलं अंडं. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पोटात गेली नाहीत तर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळायला लागतं. भात सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. जागा उरत नाही. ज्या बाईनं इंद्रायणीच्या वाफेवर आयुष्य काढलं, तिच्या ताटात भात आता नैवेद्याच्या मुदीएवढा असतो, आणि तोही बहुतेक वेळा कावळ्याला.

पंगतीचं तर विचारू नका. आपल्याकडं आग्रह हा पदार्थ वेगळा वाढतात. एका मुंजीत वाढप्यानं माझ्या पानात जिलेबी टाकली, मी पानावर आडवा हात धरला, त्यानं हाताला वळसा घालून दुसरी टाकली. "पळता ना, मग काय होतंय?" असं शेजारच्या बाई म्हणाल्या. खोटं बोललं की ते असं जिलेबीच्या रूपानं परत येतं. खाल्ली अर्धी. पंधरा मिनिटांनी घाम, छातीत धडधड, हातापायांना कापरं. मांडवामागच्या खोलीत आहेराच्या साड्यांवर अर्धा तास आडवी पडले होते. साखर लहान पोटातून थांबा न घेता पुढं जाते, त्याचा हा सगळा तमाशा. आणि मी राहते कुठं, तर कंदी पेढ्यांच्या गावात. आमच्या नेहमीच्या पेढेवाल्याकडं गणपतीत गेले तर त्यानं चवीला म्हणून हातावर पेढा ठेवला, मग स्वतःच उचलला, मोडला आणि चिमूटभर तेवढा परत ठेवला. "तुम्हांला एवढाच," म्हणाला. साताऱ्यातल्या पेढेवाल्यांचा हात कधीपासून आखडला, असा विचार करत मी घरी आले.

आता मायेबद्दल. ब्लाउज शिवताना आत शिवणीला जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. माझी सगळी जवानी शिंप्याला "माया जास्त ठेवा हो" असं सांगण्यात गेली. दर दिवाळीला तो एक शिवण उसवायचा आणि थोडी माया बाहेर काढायचा. आता उलटं झालं. ब्लाउज आत घ्यायला नेले, तर त्यानं एका बाजूला चार बोटं धरली, दुसऱ्या बाजूला चार बोटं धरली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "एवढी आत दुमडली तर टोचंल. कापून टाकू?"

कापून टाका, असं म्हणणं सोपं होतं. पण अंगावरची माया कुठं कापता येते? चौतीस किलो गेले, कातडी तिथंच राहिली. दंडाखाली, पोटावर, मांड्यांवर. मोठं घर बांधून माणसं निघून जावीत आणि वाडा उरावा तशी. पळायला लागलं की ती आपल्या तालात हलते. पहिल्यांदा मला वाटलं मागून कुणी टाळ्या वाजवतंय. बघते तर माझेच दंड. भल्या पहाटे निर्मनुष्य रस्त्यावर स्वतःच्याच अंगानं दर पावलाला टाळी द्यावी, असं भाग्य फार कमी धावपटूंना लाभत असेल. नंतर मुलीनं अंगाला घट्ट बसणारे पळायचे कपडे आणून दिले आणि टाळ्या थांबल्या. थोडं चुकल्यासारखं झालं.

आणि मनातली माया? ती तर कुणी शिंपी बघतच नाही. अजून मी एसटीत शिरले की आधी तीन माणसांची सीट शोधते. अजून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसण्याआधी हातानं दाबून बघते. दोन माणसांमधून वाट काढताना पोट आत ओढते, मग ध्यानात येतं की मधून एक रिक्षा जाईल एवढी जागा आहे. आरशातल्या बाईची आणि माझी ओळख आहे, पण अजून घरोबा नाही. वजन करून येते तेव्हा काटा खरं बोलतोय यावर विश्वास बसत नाही, म्हणून उतरून परत चढते. रोकड दोनदा मोजायची सवय आहे मला.

शिंप्याला मी म्हणाले, "कापू नका. दोन बोटं ठेवा." ऑपरेशननं जन्माची हमी मिळत नाही, वर्षा-दोन वर्षांनी काहींचं वजन परत थोडं चढतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. शिंप्यानं मान हलवली आणि खडूची रेघ बाहेर घेतली.

नऊ आठवड्यांचा अभ्यासक्रम मी एकवीस आठवड्यांत पुरा केला. पाचवा आठवडा चारदा केला. त्या आठवड्याच्या शेवटी न थांबता वीस मिनिटं पळायचं असतं, आणि जॉशच्या आईनं त्याला त्यावेळी काय सुनावलं असेल याची मला कल्पना आहे. सप्टेंबरात हिल झाली तेव्हा मी छत्री धरून रस्त्याकडेला उभी होते. पासबुकवाला मुलगा घाटाकडं चालला होता. मला बघून ओरडला, "मॅडम, तुम्ही बाहेर कशा?" मी पायाकडं बोट दाखवून चेहरा वेदनेचा केला. उरलेल्या निम्म्या गावात मी रीतसर सामील झाले.

या सगळ्या काळात कुत्र्यांनी मात्र माझा फार अपमान केला. आमच्या बाजूची कुत्री पळणाऱ्या कुणालाही सोडत नाहीत. भरतीच्या पोरींमागं लागतात, सायकलवाल्यांमागं लागतात. माझ्याकडं बघून त्यांनी कान सुद्धा हलवला नाही. जॉगिंग करणारी मी आणि दळण घेऊन चाललेली बाई, यांत त्यांना फरक दिसत नव्हता. नोव्हेंबरात एका पहाटे कोपऱ्यावरचं तांबडं कुत्रं उठलं, भुंकलं आणि चांगलं पन्नास पावलं माझ्यामागं आलं. मी घरी येऊन ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "चावलं का?" मी म्हणाले, "नाही हो. पण लागलं मागं!"

त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाच किलोमीटर पुरे झाले. अठ्ठेचाळीस मिनिटं. चांगलं चालणारा माणूस माझ्या थोडाच मागं राहील, पण मागं राहील. घरी येऊन हिशेब मांडला. वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं हलका होतो, असं संशोधकांनी मोजलेलं आहे. म्हणजे चौतीस चोक एकशे छत्तीस किलो, एका पावलाला. माझी आखूड पावलं, पाच किलोमीटरात सात हजार तरी पडतात. नऊ लाख बावन्न हजार किलो. दोनदा ताळा केला. एका सकाळी साडेनऊशे टन माल माझ्या गुडघ्यांनी उचलायचा होता तो उचलला नाही. गुडघे तरीही दुखत होते, हा भाग वेगळा.

डिसेंबरात मागच्या गल्लीतली एक सून दारात आली. तिशी ओलांडलेली, दोन लहान मुलं, अंगानं माझ्यासारखी, म्हणजे आधीच्या माझ्यासारखी. "ताई, मला पण न्याल का पळायला?"

माझ्या पोटात, जेवढं उरलंय तेवढ्यात, खड्डा पडला. तोवर माझं खोटं कुणाचं काही बिघडवत नव्हतं. आता ही पोर थंडीत पहाटे उठणार, महिनोन्‌महिने पळणार, तिचं दोन किलो उतरणार आणि तिला वाटणार की ताईंचं चौतीस उतरलं, माझ्यातच काही खोट आहे. नाही म्हणवेना आणि सांगवेना. दोन आठवडे तिला घेऊन गेले. साठ सेकंद पळ, नव्वद चाल. तिला म्हणाले, टाच आपटू नको, बोलता येईल एवढंच पळ. ती बोलायची, पण मुलांचं, नवऱ्याचं, गॅसच्या नंबराचं. वजनाबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मनावरचं ओझं रोज वाढत चाललं. त्याला चौपटीचा नियम लावला तर कठीण होतं.

शेवटी एका सकाळी यवतेश्वरच्या घाटात, दुसऱ्या वळणावर, कठड्याला टेकून उभ्या असताना मी तोंड उघडलं. खाली साताऱ्याचे दिवे धुक्यात मिणमिणत होते. थंडी मला आता फार वाजते, अंगावरची गोधडीच गेली ना. दात वाजत होते. "हे बघ," मी म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय. माझं वजन पळून उतरलेलं नाही. मी गेल्या जानेवारीत—"

"ऑपरेशन केलंत. पुण्याला," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या सासूबाईंनी. भजनात. तुम्ही ॲडमिट होता तेव्हाच. पेज माझ्या सासूनंच पाठवली होती की." ती बुटाची नाडी बांधायला वाकली. "सगळ्यांना माहितीये, ताई. पेढेवाल्याला पण."

मी कठडा धरला. जून, जुलै, ऑगस्ट. बोगदा, रेनकोट, गवळी, बर्फ, निर्गुडी. पाचवा आठवडा चारदा. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांच्यात असा एक माणूस नव्हता, ज्याला ठाऊक नव्हतं. ठेवीदार काकांना तरी नसेल, असं क्षणभर वाटलं. मग आठवलं, काकू भजनात पेटी वाजवतात.

"मग तू कशाला आलीस माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"घरातून तेवढाच एक तास सुटका होते," ती म्हणाली. "सासूला सांगितलंय, ताईंना एकटीला घाटात भीती वाटते."

मी काही बोलणार होते. तेवढ्यात खिशातली बाई म्हणाली, "रन."